एका पिशवीचा नाताळ

३० नोव्हेंबर, रविवार

आज उपासनेनंतर महिला संघाच्या बैठकीत माझी कल्पना सगळ्यांनी मान्य केली. गेल्या नाताळानंतर चर्चच्या मागे जो ढीग पडला होता, थर्माकोलचे द्रोण, प्लास्टिकचे ग्लास, चमकीचे कागद, तो मला वर्षभर डोळ्यांसमोर दिसत होता. म्हणून यंदा 'एक पिशवी'. आजपासून २८ डिसेंबरपर्यंत एकवीस घरांनी घंटागाडीत काही टाकायचं नाही. ओलं ते मडक्यात मुरवायचं, रद्दी रद्दीवाल्याला द्यायची, आणि ज्याचं काहीच होत नाही ते एका कापडी पिशवीत साठवायचं. २८ ला सगळ्या पिशव्या चर्चच्या आवारात काट्यावर ठेवायच्या.

मंदाबाई म्हणाल्या, "अन पाहुणे आले तं?"

मी म्हटलं, "पाहुण्यांना स्टीलच्या ग्लासात पाणी द्यायचं."

सगळ्या हसल्या. मंदाबाई संघाच्या अध्यक्षा, वयानं मोठ्या, आमच्याच कॉलनीत दोन घरं सोडून राहतात. एरवी मी त्यांच्यासमोर जपून बोलते. आज बोलले, आणि बरं वाटलं.

२८ ला अहवाल मीच वाचायचा आहे. आठवणीसाठी ही वही काढली. अहवालात शोभेल ते तिकडे लिहीन, खरं ते इथे.

४ डिसेंबर, गुरुवार

मडक्याला वास सुटला. प्रफुल्ल फॅक्टरीतून आले की आधी नाकच दाबतात. "रीना, जवाहरनगरच्या बसमधून उतरलो की गेटपासूनच समजते आपलं घर कोणतं ते," म्हणाले.

पंचफुलाबाई भांडी घासता घासता उठल्या, मडक्यात डोकावल्या. "राख नाही का टाकली, बाई? राख टाका, वरून वाळला पाला. मंग वास नाही येत." दुपारी त्या घरून राखेची पुडी घेऊन आल्या. खरंच वास गेला.

अहवालासाठी नोंद : थोडी राख आणि वाळका पाला टाकल्यास दुर्गंधी येत नाही, असा माझा अनुभव.

९ डिसेंबर, मंगळवार

प्रफुल्लने नाताळाची भेट म्हणून मिक्सर आणला. खोका रद्दीत जाईल. पण आतले थर्माकोलचे दोन मोठे ठोकळे, शिवाय फुग्याफुग्यांचं प्लास्टिक. आमची पिशवी आधीच तोंडापर्यंत आली आहे, आणि नाताळ अजून सोळा दिवसांवर. दुधाच्या पिशव्या, बिस्किटांचे पुडे, गोळ्यांची पाकिटं. इतकं आपण रोज टाकतो हे मला माहीत नव्हतं.

ठोकळे हातात घेऊन मी बराच वेळ उभी होते. मग पंचफुलाबाईंना म्हटलं, "हे घेऊन जाता का? तुमच्याकडे कामात येईल."

त्यांनी ठोकळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "द्या," म्हणाल्या. "नेतो."

नियमात 'वापरता येईल ते वापरावं' असं आहेच. कोणी वापरावं, असं कुठे लिहिलेलं नाही.

१४ डिसेंबर, रविवार

काल नागपूरहून दीर-जाऊ मुलांना घेऊन आले होते. बाटल्या, चिप्सची पाकिटं, केकचे डबे, वर प्लास्टिक लावलेल्या कागदी ताटल्या. ताटल्या जाऊबाईंनीच आणल्या होत्या, "तुम्हाला भांड्यांचा त्रास नको" म्हणून. नको कसं म्हणणार? पाहुणे गेल्यावर ते सगळं आणि आमच्या पिशवीतलं निम्मं एका पोत्यात भरून पंचफुलाबाईंना दिलं. त्यांनी पोतं डोक्यावर घेतलं आणि निघाल्या. त्यांचं गाव इथून चार किलोमीटर असेल.

आज पाळकसाहेबांनी उपासनेत मला उभं केलं आणि सांगितलं की आपल्या या बहिणीची पिशवी पंधरा दिवसांनंतरही अर्धीच आहे. (मीच त्यांना सांगितलं होतं.) सगळे माझ्याकडे पाहत होते. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला असावा.

१६ डिसेंबर, मंगळवार

मंदाबाईंच्या अंगणातलं तांब्याचं घंगाळ नाहीसं झालं. त्यांच्या सासूचं होतं. कॉलनीच्या कमिटीने ठरवलं की कामाला येणाऱ्या बायकांच्या पिशव्या जाताना गेटवर तपासायच्या. तुलारामला तसं सांगितलं आहे. तो गरीब स्वभावाचा चौकीदार, त्याला हे काम आवडलेलं नाही.

पंचफुलाबाई चार घरी काम करतात, मंदाबाईंकडेही. मी म्हटलं, "मनावर घेऊ नका." त्या म्हणाल्या, "तपासू द्या न. आपलं काय जाते."

१८ डिसेंबर, गुरुवार

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहिते.

संडे स्कूलच्या मुलांसाठी चाळीस रंगपेट्या आल्या होत्या. प्रत्येक पेटी सोनेरी झाकणाच्या पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात. मी त्या सगळ्या बाहेर काढल्या आणि वर्तमानपत्राच्या कागदात बांधल्या, वरून सुतळी. फार सुंदर दिसत होत्या. फोटो काढून संघाच्या ग्रुपवर टाकला. डबे मात्र उरले. चाळीस. ते पंचफुलाबाईंच्या पिशवीत भरून दिले.

अर्ध्या तासाने तुलारामचा फोन आला, "बाई, जरा गेटवर येता का?"

गेले. पंचफुलाबाई उभ्या होत्या. पिशवी ओट्यावर उपडी केलेली, डबे उन्हात चमकत होते. दोन शेजारणी होत्या. आणि मंदाबाई.

"हे तं संडे स्कूलच्या भेटीचे डबे होत," मंदाबाई म्हणाल्या. "रीना, हे तू दिले हिले?"

हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न काय आला असता, ते मला तिथेच दिसलं. मग तुझ्या पिशवीत काय आहे? पंधरा दिवस अर्धीच कशी?

मी म्हटलं, "मी नाही दिले."

मग मीच पुढे बोलले, "पण जाऊ द्या त्यांना. रिकामेच तर आहेत. कचराच आहे. मला काही तक्रार करायची नाही."

मंदाबाई म्हणाल्या, "तुझं मनच मोठं आहे."

पंचफुलाबाई माझ्याकडे पाहत होत्या. रागानं नाही. एखाद्याचं बोलणं नीट ऐकू आलं नाही की आपण जसं त्याच्या तोंडाकडे पाहतो, तसं. मग खाली वाकून त्यांनी एकेक डबा उचलला, पिशवीत भरला आणि निघून गेल्या.

मी मध्ये पडले नसते तर प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं असतं. तेवढं तरी टळलं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

पंचफुलाबाई आल्या नाहीत. बरं नसेल.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून गेट दिसतं. सकाळी तिथला पडदा ओढून घेतला. या दिवसांत ऊन तिरपं येतं, डोळ्यांवर येतं.

२० डिसेंबर, शनिवार

मंदाबाईंनी सांगितलं, कमिटीने पंचफुलाबाईंना कॉलनीत यायला बंदी केली. "घंगाळाचं काही तिनं कबूल केलं नाही. पण तुझ्या घरचं सामान तं सापडलंच न पिशवीत."

मी म्हटलं, "हो, पण..." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

चार घरं गेली त्यांची. नाताळ झाला की सगळं शांत होईल, मग कमिटीला समजावीन. आत्ता विषय काढला तर उगाच वाढेल.

भांडी मीच घासली.

२२ डिसेंबर, सोमवार

अंजू नागपूरहून आली. हॉस्टेलवर राहून बारीक झाली आहे. आल्या आल्या विचारलं, "पंचफुला मावशी कुठे आहे?"

सांगितलं. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे तेवढं सांगितलं.

तिने बॅग खाली ठेवली. मग म्हणाली, "मम्मी, चाळीस डबे ती आपल्या घरातून तुला न दिसता कशी नेईल?"

"मी उपासनेच्या तयारीत होते."

"आणि तिने ते कशाला न्यायचे?"

मी म्हटलं, करंज्यांचं सारण जळेल, नंतर बोलू. नंतर ती बोलली नाही. तेच जड जातंय. लहानपणी ती पंचफुलाबाईंच्या ताटातलं जेवायची.

२३ डिसेंबर, मंगळवार

घंगाळ सापडलं. मंदाबाईंच्या मुलानेच पॉलिशला दिलं होतं, सांगायचा विसरला. मंदाबाई हसत हसत सांगत होत्या.

मी विचारलं, "मग आता पंचफुलाबाईंना..."

"घंगाळ नाही नेलं तिनं, खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण डबे तं नेलेच न. तू म्हणूनच सोडलं तिले. दुसऱ्या कोणी सोडलं नसतं."

म्हणजे आता पंचफुलाबाईंच्या विरुद्ध जगात एकच पुरावा उरला आहे. तो मी दिलेला आहे.

२५ डिसेंबर, नाताळ

चर्च भरलं होतं. मुलांनी वर्तमानपत्राचे कागद उघडले, रंगपेट्या पाहून खूश झाली. काल संध्याकाळी कॅरल पार्टी आली तेव्हा चहा स्टीलच्या कपांत दिला, सगळ्यांनी नावाजलं. आज पाळकसाहेबांनी माझा हात धरून 'धन्यवाद' म्हटलं.

मला तो हात सोडवून घ्यावासा वाटत होता.

दुपारी जेवताना प्रफुल्लला सगळं सांगितलं. अंजू समोरच होती. प्रफुल्ल म्हणाले, "आता दहा दिवस झाले असतील." मी म्हटलं, "सात." ते म्हणाले, "मोजून राहिली तं जाऊन ये न."

२६ डिसेंबर, शुक्रवार

गेले. स्कूटीने एकटीच. अंजू येते म्हणाली, नको म्हटलं.

पुनर्वसनाचं गाव आहे ते. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जुनं गाव गेलं तेव्हा इथे प्लॉट मिळाले. सरळ रस्ते, एकसारखी घरं, झाडं कमी. बारा वर्षं त्या माझ्याकडे येत होत्या, मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे गेले. घर विचारत विचारत जावं लागलं.

त्या अंगणात लाखोळीची भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांचे यजमान डोमाभाऊ जाळं दुरुस्त करत होते. जाळ्याच्या कडेला, ते तरंगावं म्हणून, पांढरे तुकडे बांधलेले होते. माझ्या मिक्सरचं थर्माकोल.

"बसा," म्हणाल्या. खाट पुढे केली, पाणी दिलं.

मी म्हटलं, "पंचफुलाबाई, माझं चुकलं."

"काय चुकलं?" भाजीवरून नजर न उचलता.

मला वाटलं होतं तेवढं एक वाक्य पुरेल. मग सांगावं लागलं. डबे मीच दिले होते. सगळ्यांसमोर मी नाही म्हटलं. मंदाबाईंना माझी पिशवी कळू नये म्हणून म्हटलं.

"हं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने बोलल्या, "मले वाटलं, बाई घाबरल्या असतील. उद्या सांगतील. दुसऱ्या दिवशी आलो, तं तुलाराम म्हणे, आत जाता येत नाही. तिथंच बसलो तासभर. म्हटलं, बाईच्या खिडकीतून गेट दिसते, पाहतील, येतील."

मी पडदा लावला होता हे त्यांना सांगितलं नाही. इथे लिहिते.

"मंग नऊ वाजता पडदा ओढलेला दिसला," त्या म्हणाल्या. "मंग उठलो."

डोमाभाऊ जाळं घेऊन घराच्या मागे निघून गेले.

मी विचारलं, बाकीचं सामान काय केलं, चुलीत घातलं का? त्या उठल्या, मला आत घेऊन गेल्या. एकच खोली. खाटेखाली दोन पोती. तोंडं सुतळीने बांधलेली.

"चुलीत घातलं एक दिवस. धुराने यांना रात्रभर खोकला. मंग नाही घातलं. तळ्यात टाकता येत नाही, त्याच्यावर पोट आहे आमचं. इथं घंटागाडी येत नाही. जुन्या गावात उकिरडा होता, बाई. शेण, राख, केर, सगळं त्यात जाय, अन पावसाच्या आधी वावरात. तुमच्या या सामानाचं वावरात काय करू?"

"मग नेलं कशाला? नाही म्हणायचं होतं."

"तुमाले?" त्यांनी विचारलं.

त्या खाटेवर ती दोघं झोपतात. माझ्या पिशवीच्या जागेसाठी मी त्यांच्या झोपायच्या खोलीत पोती भरली.

मी म्हटलं, "तुम्ही उद्यापासून या. मी कमिटीला सांगते."

"मले घरी येऊन सांगितलं, त्यानं काय होते?" त्या म्हणाल्या. "मले तं माहीतच होतं. तुम्ही जिथं बोलल्या तिथं सांगा."

२७ डिसेंबर, शनिवार

सकाळी गेटवर जाऊन तुलारामला खरं ते सांगितलं. तो इकडेतिकडे पाहत होता, जणू चूक त्याचीच. म्हणाला, "मले वाटलंच होतं, बाई. पण तुम्ही बोलल्या म्हटल्यावर..." मग म्हणाला, "हे मले सांगून नाही होत. मंदाबाईले सांगा."

मंदाबाईंच्या दारापर्यंत गेले. आत पाहुणे होते. परत आले.

काल एवढं ठरवून आले होते, आणि आज पाहुण्यांचं निमित्त मिळाल्याचा आनंद झाला. माझ्यात हे इतकं खोलवर आहे.

दुपारी प्रफुल्ल आणि अंजू ऑटो घेऊन गेले आणि पोती घेऊन आले. थर्माकोल आलं नाही. पंचफुलाबाईंनी निरोप दिला की ते जाळ्याला लागलं आहे, ते मिळणार नाही.

२८ डिसेंबर, रविवार

चर्चच्या आवारात काटा लावला होता. एकवीस घरांच्या पिशव्या. कोणाची एक किलो, कोणाची दोन. मंदाबाईंची चार किलो भरली, त्या स्वतःच लाजून हसल्या. एका स्थानिक वर्तमानपत्राचा माणूस फोटो काढत होता.

माझं नाव आलं. मी पिशवी ठेवली, दीड किलो. टाळ्या वाजल्या. मग अंजू आणि प्रफुल्लने पोती आणून ठेवली. सगळं मिळून साडेसात किलो. सगळ्यात जास्त.

अहवालाचे कागद हातात होते. वाचले नाहीत. गेटवर उभी राहून काय बोलले ते सांगितलं. डबे मी दिले होते. पंचफुलाबाईंनी कधीच काही नेलं नाही. राखेचा उपायसुद्धा त्यांचा, माझा नाही. माझा आवाज फार बारीक येत होता, मागच्यांनी "मोठ्यानं" म्हटलं, म्हणून सगळं परत पहिल्यापासून सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त कठीण गेलं.

मंदाबाई उभ्या राहिल्या. "मी तुले विचारलं होतं, रीना. तोंडावर विचारलं होतं. तवाच काहून नाही बोलली?"

"तुमच्यासमोर कमी पडायचं नव्हतं," मी म्हटलं.

त्या खाली बसल्या. पदराने चष्मा पुसत राहिल्या. त्यांनीही आपल्या घरी दहा वर्षं काम करणाऱ्या बाईला एका शब्दावर बाहेर काढलं होतं, ते त्यांना तेव्हा आठवलं असावं.

मग पाळकसाहेब पुढे आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की असा कबुलीजबाब द्यायला धैर्य लागतं, आपल्या या बहिणीने आज आपल्या सर्वांना नाताळाचा खरा अर्थ दाखवला. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. दीड किलोला वाजल्या त्यापेक्षा मोठ्या. दोघी-तिघींच्या डोळ्यांत पाणी होतं. फोटोवाल्याने माझा फोटो घेतला.

मी म्हणत होते, टाळ्या नका वाजवू. कोणाला ऐकू गेलं नाही.

पंचफुलाबाई तिथे नव्हत्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

६ जानेवारी, मंगळवार

मंदाबाई स्वतः पंचफुलाबाईंच्या गावी जाऊन आल्या. कमिटीचं पत्र घेऊन गेल्या होत्या, सह्यांसकट. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पंचफुलाबाई कालपासून यायला लागल्या. मंदाबाईंकडे, आणि बाकीच्या दोघींकडे.

आमच्याकडे नाही. मंदाबाईंसोबत निरोप आला : "त्यांच्या इथलं काम आता जमणार नाही. राग नाही म्हणा."

स्वयंपाकघराचा पडदा मी काढून टाकला आहे. आज साडेअकराला पंचफुलाबाई कामं आटोपून गेटवर आल्या. तुलाराम खुर्चीवरून उठला, हात जोडून म्हणाला (खिडकीतून ऐकू येत नाही, पण हाताने तसंच म्हणत होता) की आता तपासायची गरज नाही, जा तुम्ही.

त्या थांबल्या. पिशवी ओट्यावर ठेवली. जेवणाचा डबा काढून दाखवला, उघडून. पाण्याची बाटली दाखवली. मग पिशवी उलटी करून झटकली, आत काही राहिलं नाही ना ते त्याला पाहू दिलं. सगळं परत भरलं आणि गेल्या.

मी तुलारामला विचारून आले. तो म्हणाला, "कालही असंच केलं त्यांनी. मी नको म्हणतो, पण रोज दाखवीन म्हणतात."